सोलापुरात नागरी हक्कांसाठी उभं राहताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातल्या गल्लीतल्या बैठकांमध्ये, विडी कारखान्याच्या दारात, पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये, पूनम गेटसमोरच्या मांडवात हे प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारले जातात. उत्तरं आम्ही कायदा वाचून, वकिलांशी बोलून आणि ठाण्याच्या बाकड्यावर बसून गोळा केली आहेत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. त्यामुळे जुनी कलमं तोंडपाठ असलेल्यांनीही एकदा नजर टाकावी. तुमच्यावर प्रत्यक्ष गुन्हा दाखल झाला असेल तर मात्र हे पान बाजूला ठेवून आधी वकील गाठा.

आमच्याकडे चार-चार दिवसांआड नळाला पाणी येतं. आमचा प्रश्न पाण्याचा आहे, नागरी स्वातंत्र्याशी आमचं काय काम?

पाण्यासाठी तुम्ही काय करता ते आठवा. गल्लीतल्या बायका एकत्र जमतात, झोन ऑफिसवर हंडा मोर्चा नेतात, अधिकाऱ्याला जाब विचारतात, त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतात. यातली प्रत्येक गोष्ट संविधानाच्या कलम १९ मुळे शक्य होते. बोलणं १९(१)(क), शस्त्राविना शांततेनं जमणं १९(१)(ख), संघटना करणं १९(१)(ग). उद्या कोणी म्हणालं की पाचजण जमायचं नाही, तर पाण्याची तक्रारही घरातच राहते. रेशन असो, मजुरी असो, घरकुल असो, आधी जमता आणि बोलता यावं लागतं. म्हणून आम्ही हे काम वेगळं मानत नाही.

सोलापूरचा या विषयाशी खास संबंध आहे का?

आहे, आणि तो शहराच्या मधोमध उभा आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं. ८ मेला गोळीबार झाला, पुढचे काही दिवस शहरातून इंग्रजांचा अंमलच उठला. १२ मेला मार्शल लॉ लागला तो ३० जूनपर्यंत राहिला. त्या काळात तिरंगा लावणं आणि गांधी टोपी घालणं हा गुन्हा ठरला. डोक्यावरच्या टोपीसाठी माणूस तुरुंगात जात होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिशन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. चार हुतात्मा पुतळ्यांपाशी आपण त्यांना हार घालतो. त्या चौघांची आडनावं एकदा सावकाश वाचा. लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान घरांतली माणसं एकाच खटल्यात फासावर गेली. आज एखाद्या समाजाच्या मोर्चाला परवानगी नाकारली की दुसरा समाज गप्प बसतो, तेव्हा आम्ही हीच नावं पुढे करतो.

सुरुवात कशी करायची? किती माणसं लागतात?

सात-आठ माणसं पुरतात, पण ती वेगवेगळ्या कामाची हवीत. एक वकील किंवा निदान कोर्टात रोज जाणारा माणूस. एक बाई, जिला वस्तीतल्या बायका नावानं ओळखतात. एखादा शिक्षक किंवा कारकून, ज्याला अर्ज लिहायचा कंटाळा नाही. एक रिक्षावाला, कारण रात्री अकराला जेल रोडवरून विजापूर नाक्याला जायचं तर तोच लागतो. आणि तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी माणसं. सोलापुरात फक्त मराठीत काम करणारा गट अर्ध्या शहरापर्यंत पोचतच नाही. पूर्व भागातल्या आजीला तिचा हक्क तेलुगूत सांगितला तरच तो तिच्या उपयोगाचा.

पहिले काही महिने मोर्चा काढू नका. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी बसा: देवळाच्या ओट्यावर, समाजमंदिरात, मशिदीशेजारच्या खोलीत, कुठेही. लोकांचे कागद बघा. कोणाला नोटीस आली आहे, कोणाचा हातगाडा उचलला आहे, कोणाच्या मुलाला ठाण्यात बसवून ठेवलं आहे. जो गट एरवी लोकांच्या रेशन कार्डाची अडचण सोडवतो, त्याच्या हाकेला लोक अटकेच्या रात्री धावून येतात. या शहरात कम्युनिस्ट पक्षाच्या लाल बावट्याखालच्या विडी कामगार संघटनेनं वर्षानुवर्षं तेच केलं. मजुरीच्या, पेन्शनच्या फॉर्मपासून सुरुवात करून कुंभारीत विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तुम्हाला त्या पक्षाचं राजकारण पटो न पटो, काम करण्याची ती पद्धत शिकण्यासारखी आहे.

एक वही ठेवा. तारीख, वेळ, कोण, कुठे, कोणत्या अधिकाऱ्यानं काय सांगितलं. सहा महिन्यांनी हीच वही कोर्टात उपयोगी पडते.

संस्था रजिस्टर करावी लागते का?

नाही. एकत्र येण्यासाठी नोंदणीची अट संविधानात नाही. संस्थेच्या नावानं बँक खातं उघडायचं, देणग्या घ्यायच्या, तर नोंदणी करा आणि हिशेब चोख ठेवा. वर्गणी दहा रुपयांची असली तरी पावती फाडा. चळवळीवर पहिला आरोप पैशाचाच होतो.

मोर्चा किंवा धरण्यासाठी परवानगी लागते का?

व्यवहारात अर्ज करावाच. शांततेनं जमणं हा हक्क आहे आणि पोलिसांचा अधिकार त्याचं नियमन करण्याचा आहे. १९७२ साली अहमदाबादच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सार्वजनिक रस्त्यावर सभा घेण्यावर वाजवी नियम लावता येतात, पण अधिकाऱ्याच्या मर्जीवर सगळं सोडून सभाच अशक्य करता येत नाही. हा फरक अर्ज करताना मनात असू द्या.

शहरात ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत कार्यक्रम आहे तिथे अर्ज द्या आणि प्रत पोलीस आयुक्त कार्यालयाला. ग्रामीण भागात संबंधित ठाणं आणि पोलीस अधीक्षक कार्यालय. अर्जात जागा, वेळ, मार्ग, अंदाजे संख्या आणि आयोजकांची नावं लिहा. लाउडस्पीकरची परवानगी वेगळी मागावी लागते, रात्री दहा ते सकाळी सहा तो बंदच. रस्त्यावर मांडव घालायचा असेल तर महापालिकेचाही कागद लागतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सही-शिक्क्याची पोच. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. घ्यायलाच तयार नसतील तर रजिस्टर पोस्टानं किंवा ईमेलनं पाठवा. पुढे "यांनी कळवलंच नाही" असं कोणी म्हणालं तर तो कागदच तुमच्या बाजूनं बोलतो. शेवटच्या क्षणी तोंडी नकार येतो, हा नेहमीचा अनुभव आहे. तेव्हा नम्रपणे एवढंच म्हणा: "साहेब, कारणासह लेखी द्या." लेखी नकार असेल तर त्याला आव्हान देता येतं. तोंडी नकाराला कोर्टात पकडायला काहीच नसतं.

आयोजक म्हणून सही कोण करतं याचा नीट विचार करा. काही बिनसलं तर पहिला गुन्हा सही करणाऱ्यावर होतो. एकाच तरुण पोरावर सगळा भार टाकू नका, चार-पाच जणांनी सह्या कराव्यात आणि त्यात मोठी माणसं हवीत. मोर्चात सगळ्यात जास्त लक्ष शेपटाकडे द्या. ओळखीचे चेहरे पुढे असतात आणि गडबड मागून होते. म्हणून निम्मे स्वयंसेवक मागे ठेवा आणि एकाच्या हातात सतत व्हिडिओ चालू ठेवा.

"शहरात ३७(१)(३) लागू आहे" असं सांगून आम्हाला परत पाठवलं. मग काहीच करता येणार नाही?

असं नाही. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ चं कलम ३७ दोन वेगळ्या गोष्टी सांगतं. ३७(१) शस्त्रं, काठ्या, दगड, प्रक्षोभक घोषणा वगैरेंबद्दल आहे. ३७(३) जमाव आणि मिरवणुकांबद्दल. शहरात हा आदेश पोलीस आयुक्त काढतात, आयुक्तालयाबाहेर जिल्हा दंडाधिकारी. ३७(३) चा आदेश सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांहून जास्त चालत नाही. म्हणूनच तो पंधरवड्या-पंधरवड्यानं नव्यानं निघताना दिसतो. सण, जयंती, निवडणूक, परीक्षा, काहीही कारण असतं, आणि वर्षाचा मोठा भाग असाच आदेशाखाली जातो. या सवयीला प्रश्न विचारणं हे नागरिकांचं काम आहे.

पहिलं पाऊल: आदेशाची प्रत मागा. तारीख, मुदत, हद्द आणि कारण वाचा. बऱ्याचदा त्यातच लिहिलेलं असतं की परवानगी घेऊन केलेल्या कार्यक्रमाला तो लागू नाही. म्हणजे आदेश असला तरी तुमच्या अर्जावर विचार करावाच लागतो.

दुसरं: शेजारच्या मराठवाड्यातला एक निकाल लक्षात ठेवा. बीड जिल्ह्यातल्या माजलगावात नागरिकत्व कायद्याविरुद्ध शांततेनं धरणं धरायला परवानगी नाकारली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ते आदेश रद्द केले आणि सांगितलं की एखाद्या कायद्याला विरोध करतात म्हणून लोकांना देशद्रोही म्हणता येत नाही. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं काश्मीरच्या इंटरनेटबंदीच्या प्रकरणात स्पष्ट केलं होतं की जमावबंदीचं कलम, तेव्हाचं १४४, लोकांचं रास्त मत दाबण्यासाठी वापरता येत नाही आणि असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत.

ते जुनं १४४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १६३ झालं आहे. १६३ चा आदेश दोन महिन्यांपर्यंत चालतो. तो मागे घ्यावा किंवा बदलावा म्हणून त्याच दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, अर्जदाराला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते आणि अर्ज फेटाळला तर कारणं लेखी द्यावी लागतात. हा अर्ज क्वचितच कोणी करतं. करायला हवा.

मोर्चाच्या आदल्या दिवशी "१४९ ची नोटीस" आली. ही अटक आहे का?

नाही. ती ताकीद आहे. जुन्या १४९ चं आता त्याच नव्या संहितेत कलम १६८ झालं आहे, तरी बोलण्यात १४९ च राहिलं. नोटीस घ्या, "मिळाली" म्हणून तारीख-वेळ घालून सही करा, प्रत ठेवा आणि थोडक्यात लेखी उत्तर द्या: कार्यक्रम शांततेचा आहे, अर्ज अमुक तारखेला दिला आहे, पोच सोबत. नोटीस फाडून व्हिडिओ काढण्यात काहीही मिळत नाही.

मंत्र्यांच्या दौऱ्याच्या दिवशी सकाळीच घरातून उचलून नेतात आणि संध्याकाळी सोडतात. हे चालतं का?

नव्या संहितेच्या कलम १७० (जुनं १५१) खाली पोलीस प्रतिबंधात्मक अटक करू शकतात, पण अट कडक आहे. दखलपात्र (वॉरंटशिवाय अटक करता येते असा) गुन्हा करण्याचा तुमचा बेत आहे हे पोलिसांना माहीत असलं पाहिजे आणि अटकेशिवाय तो रोखता येणार नाही असं दिसलं पाहिजे. काळा झेंडा दाखवण्याची शक्यता एवढ्यावर ही अट पुरी होत नाही, असं आमचं ठाम मत आहे. दुसऱ्या कलमाखाली पुढची अटक लागत नसेल तर २४ तासांहून जास्त ठेवता येत नाही. नव्या संहितेत कलम १७२ ही आलं आहे. पोलिसांचा कायदेशीर आदेश न मानणाऱ्याला ते ताब्यात घेऊन किरकोळ प्रकरणात २४ तासांच्या आत सोडू शकतात.

नोंदीशिवाय "नुसतं बसवून ठेवलंय" हा प्रकार सगळ्यात वाईट, कारण त्याचा कागदच नसतो. म्हणून बाहेर पडताना घरच्यांना मोठ्यानं सांगून निघा आणि सुटल्यावर त्याच दिवशी आयुक्त कार्यालयाला लेखी कळवा: किती वाजता नेलं, कुठे ठेवलं, किती वाजता सोडलं, कोणतं कलम सांगितलं. दर वेळी. असे पंधरा-वीस कागद साठले की पद्धत दिसू लागते, आणि कोर्टाला किंवा मानवी हक्क आयोगाला दाखवायला तीच लागते.

आमच्यातल्या कोणाला अटक झाली तर पहिल्या काही तासांत काय करायचं?

आधी ठाणं शोधा. शहरात फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, जोडभावी पेठ, विजापूर नाका, सलगर वस्ती, एमआयडीसी अशी ठाणी आहेत, आणि माणूस ज्या हद्दीतून नेला त्याच ठाण्यात असेल याची खात्री नसते. दोघांनी फोन करत बसावं, दोघांनी प्रत्यक्ष जावं. ठाण्यासमोर गर्दी करू नका. शंभर माणसं दारात जमली की आतल्या माणसावर आणखी एक कलम लागतं. आत दोघं जा. एक वकील, एक घरचं माणूस.

मग विचारा: अटक केली आहे का? कोणत्या गुन्ह्यात, कोणतं कलम? अटकेची कारणं लेखी द्या. हा शेवटचा मुद्दा आता फार भक्कम झाला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणं त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत. लगेच देणं शक्य नसेल तर तोंडी सांगावीत, पण रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागायला, हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. नाहीतर अटक बेकायदा ठरते. सोलापुरात "समजणाऱ्या भाषेत" या शब्दांना वजन आहे. ज्याला फक्त तेलुगू किंवा कन्नड वाचता येतं, त्याच्यासाठी मराठी कागदावर घेतलेली सही पुरेशी नाही हे वकिलानं तिथेच नोंदवावं.

बाकीचे हक्क असे (कंसातली कलमं नागरिक सुरक्षा संहितेची). अटकेच्या मेमोवर घरच्या किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी (कलम ३६). नातेवाइकाला कळवायची जबाबदारी पोलिसांची (४८). चौकशीच्या वेळी वकिलाला भेटता येतं, मात्र पूर्ण वेळ नाही (३८). सूर्यास्त ते सूर्योदय बाईला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला अधिकाऱ्यानं दंडाधिकाऱ्याची आधी लेखी परवानगी घ्यावी लागते (४३). तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात आजारी किंवा साठीपुढच्या माणसाला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक नाही (३५). आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर. हे तर संविधानाच्या कलम २२ मध्येच आहे.

सिव्हिलला मेडिकलला नेलं की मारहाण झाली असेल तर डॉक्टरला जागा दाखवून सांगायचं. पोलीस शेजारी उभे असतात म्हणून लोक "काही नाही" म्हणतात आणि मग कागदावर खरोखरच काही येत नाही. तेव्हा बोलता आलं नाही तर दंडाधिकाऱ्यांसमोर बोला. तिथे "काही तक्रार आहे का?" असा प्रश्न येतो. त्या एका मिनिटाची तयारी आम्ही बैठकीत करून घेतो, कारण घाबरलेल्या माणसाला ऐन वेळी वाक्य सुचत नाही. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवावं असा अर्ज दुसऱ्याच दिवशी द्या. डिसेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि किमान वर्षभराची साठवण बंधनकारक आहे.

कोऱ्या कागदावर सही, कधीही नाही.

ठाण्यातून नुसता फोन येतो, "चौकशीला या". जावं लागतं का?

लेखी नोटीस मागा. संशयित म्हणून बोलवायचं तर कलम ३५(३) ची नोटीस, साक्षीदार म्हणून तर १७९ ची. नोटीस आली तर जरूर जा, टाळू नका. साक्षीदार बाई असेल, पंधराच्या आतली किंवा साठीपुढची व्यक्ती असेल, अपंग किंवा गंभीर आजारी असेल तर पोलिसांनी घरी येऊन विचारायचं असतं. विडी वळून घर चालवणाऱ्या बाईला दिवसभर ठाण्यात बसवणं म्हणजे तिची त्या दिवशीची मजुरी बुडवणं, हे आम्ही अर्जात लिहितोच.

पोलिसांचा व्हिडिओ काढता येतो का?

सार्वजनिक जागेवर, त्यांच्या कामात अडथळा न आणता, हो. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये सांगितलं की पोलीस ठाणं हे शासकीय गुपितं कायद्यातलं "निषिद्ध ठिकाण" नाही. पण कॅमेरा तोंडासमोर नाचवू नका. तीन-चार पावलं मागे उभं राहून, न बोलता काढा. शासकीय कामात अडथळ्याचं कलम (भारतीय न्याय संहिता १३२, जुन्या दंड संहितेचं ३५३) अशाच बाचाबाचीतून लागतं.

व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून गुन्हा दाखल होईल अशी भीती वाटते.

भीती निराधार नाही, पण कायदा वाटतो त्यापेक्षा तुमच्या बाजूला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकावर कलम ३७० हटवण्यावर टीका करणाऱ्या स्टेटसवरून गुन्हा झाला होता. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला आणि सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे असं म्हटलं. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं सांगितलं की तीन ते सात वर्षं शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत, बोलण्या-लिहिण्याबद्दल तक्रार आली तर पोलिसांनी आधी प्राथमिक चौकशी करावी, थेट गुन्हा नोंदवू नये.

ग्रुप चालवणाऱ्यांना आमची विनंती आहे: दुसऱ्या धर्माबद्दल, जातीबद्दल आलेलं, कुठून आलं ते ठाऊक नसलेलं काहीही पुढे ढकलू नका. टीका सरकारवर करा, शेजाऱ्यावर नको. सोलापुरात एका रात्रीच्या अफवेनं मधल्या मारुतीपासून दुकानं बंद होतात आणि नुकसान हातावर पोट असणाऱ्याचं होतं.

माहिती अधिकार इथे कसा वापरायचा?

दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, साधा कागद. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि सुमारे १५० शब्द. कारण सांगायची गरज नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत, आणि तसं अर्जाच्या माथ्यावर लिहा. उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे.

मत विचारू नका, कागद मागा. "परवानगी का नाकारता?" याचं उत्तर मिळत नाही. "गेल्या १२ महिन्यांत सभा-मोर्चांसाठी आलेले अर्ज, मंजूर किती, नामंजूर किती, नामंजुरीच्या आदेशांच्या प्रती" हे मिळतं. कलम ३७ च्या वर्षभरातल्या सगळ्या आदेशांच्या प्रती मागवून भिंतीवर ओळीनं लावा. लोकांना भाषणापेक्षा ती भिंत लवकर समजते.

नव्या पेठेत हातगाडा लावतो. अतिक्रमणवाले माल उचलून नेतात.

पथविक्रेता कायदा, २०१४ वाचून घ्या. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्र दिलं जाईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. हटवायचं किंवा दुसरीकडे न्यायचं तर ३० दिवसांची नोटीस. जप्त मालाची यादी जागेवर मिळाली पाहिजे. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचा असतो. भाजीवाल्यानं यादीच घेतली नाही तर माल कुठे गेला हे पुढे कोणीच सांगत नाही. शहर पथविक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असतात. त्या समितीच्या बैठका कधी झाल्या, इतिवृत्त काय, हे इंद्रभुवनमध्ये, म्हणजे महापालिकेत, माहिती अधिकारात मागा.

सेटलमेंटमधल्या, पारधी वस्तीवरच्या लोकांना चोरी कुठेही झाली तरी उचलतात. यावर गट काय करू शकतो?

या प्रश्नाला आम्ही सगळ्यात जास्त वेळ देतो. सोलापूर हे त्या अन्यायाच्या नकाशावरचं ठळक गाव आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. कैकाडी, टकारी, भाट, पारधी अशा समाजांच्या पिढ्या तिथे हजेरी देत जगल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. म्हणून तो मुक्तिदिन. "सेटलमेंट फ्री कॉलनी" हा पत्ता आजही लोकांच्या आधार कार्डावर आहे. कुंपण गेलं, पण संशय गेला नाही. सराईत गुन्हेगारांसाठीचा १९५९ चा कायदा आला आणि जुनी नजर नव्या कागदावर चालू राहिली.

करायचं असं. वस्तीतल्या प्रत्येक घराकडे गटाचे दोन फोन नंबर भिंतीवर लिहिलेले असावेत. पहाटे गाडी आली की पहिला फोन लगेच व्हावा. झडती असेल तर दोन पंच हवेत आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे चित्रीकरण हवं, ते मागा. वस्तीतल्या पोरांना कामावरच्या हजेरीचे, शाळेचे, दवाखान्याचे कागद जपायला शिकवा. चोरीच्या रात्री तो तुळजापूर रोडच्या साइटवर वॉचमन होता हे सिद्ध करणारा मस्टरचा फोटो त्याला महिनाभराच्या तुरुंगातून वाचवतो. आणि बाकीच्या शहरानं एक करावं: चोरी झाली की "त्या वस्तीतलेच असणार" हे वाक्य स्वतःच्या घरात थांबवावं. पोलिसांच्या आधी ते वाक्य आपणच बोलतो.

तडीपारीची नोटीस आली आहे.

महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५५ ते ५७ खाली जास्तीत जास्त दोन वर्षं हद्दपार करता येतं. आदेशाआधी कलम ५९ ची नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी मिळते. तारीख चुकवू नका, वकिलासह जा आणि साक्षीदार द्या. आदेश झाला तर ३० दिवसांत राज्य सरकारकडे अपील. आंदोलनातल्या जुन्या गुन्ह्यांची बेरीज करून ही नोटीस काढलेली असते, म्हणून प्रत्येक जुन्या केसचा निकाल काय लागला त्याच्या प्रती हाताशी ठेवा.

वकील परवडत नाही.

जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीतली व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. उच्च न्यायालयासाठी आता मुंबई गाठायची गरज उरली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. बेपत्ता माणसासाठी हेबियस कॉर्पस (माणसाला कोर्टासमोर हजर करा, अशी) याचिका करायची तर हा फरक फार मोठा आहे. पोलिसांविरुद्धच्या तक्रारीसाठी राज्य मानवी हक्क आयोग (घटनेपासून वर्षाच्या आत, फी नाही) आणि पोलीस तक्रार प्राधिकरण, दोन्हीकडे अर्ज टपालानं पाठवता येतो.

जनसुरक्षा विधेयकाचं काय?

जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. संघटना बेकायदा जाहीर करण्याचा अधिकार त्यात सरकारला आहे आणि अशा संघटनेचं नुसतं सदस्यत्वही शिक्षापात्र. "बेकायदा कृत्य" ची व्याख्या इतकी सैल आहे की रस्त्यावरचं साधं आंदोलनही तिच्यात ओढता येईल, असं आम्हाला वाटतं. म्हणून आमचा विरोध आहे आणि तो आम्ही उघडपणे, नावानिशी नोंदवला आहे. गटांनी इतिवृत्त, हिशेब आणि पत्रकांच्या प्रती नीट ठेवाव्यात.

ज्यांची मतं आम्हाला अजिबात पटत नाहीत त्यांच्यासाठीही तुम्ही उभे राहता का?

हो. यावरून आमच्या बैठकीत भांडणं झाली आहेत, काही चांगली माणसं सोडूनही गेली. पण ज्या मोर्चाच्या घोषणा आम्हाला आवडत नाहीत, त्याच्या आयोजकालाही लेखी कारणाशिवाय परवानगी नाकारता येत नाही. आज त्याला चालवून घेतलेला तोंडी आदेश उद्या आपल्याला दाखवला जाईल. एकच मर्यादा आम्ही पाळतो: हिंसेची हाक देणाऱ्याच्या सभेची बाजू घेत नाही. त्याला अटक झाली तर मात्र त्याचे २४ तास आणि त्याचा वकील तेवढेच महत्त्वाचे.

मी सरकारी नोकरीत आहे. मला काही करता येईल का?

निदर्शनं, राजकीय कार्यक्रम यांवर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ ची बंधनं आहेत. ती वाचल्याशिवाय रस्त्यावर येऊ नका. नागरिक म्हणून माहितीचा अर्ज, गावच्या ग्रामसभेत आपल्या वॉर्डाचा प्रश्न, शेजाऱ्याचा अर्ज लिहून देणं, वस्तीतल्या पोरांना कलम २२ समजावून सांगणं, याला अडचण नाही. अर्ज नीट लिहिणारी माणसं आम्हाला नेहमीच कमी पडतात. कार्यालय सुटल्यावर तासभर आलात तरी पुष्कळ काम होईल.